सात दिवस कोंडा, बल्ब लावा, पंख छाटा: त्या मेसेजमधलं खरं किती?

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: नवीन कोंबड्या आणल्या की सात दिवस खुराड्यात कोंडा, आठव्या दिवशी सोडा, संध्याकाळी आपोआप आत येतील. लवकर रुळाव्यात म्हणून पहिल्याच रात्री जुन्या कोंबड्यांत मिसळा. आत रात्रभर बल्ब चालू ठेवा. तरीही झाडावर चढल्या तर पंख छाटा. खाली ‘१०० टक्के खात्रीशीर’ आणि हात जोडलेले.

यात सगळंच खोटं नाही, आणि घोटाळा तिथंच होतो. अर्धं खरं असलेलं लोक डोळे झाकून करतात.

कोंडण्याचंच घ्या. जिथं चार रात्री काढल्या तिथंच कोंबडी पुन्हा येते, हे खरंच आहे. पण खुराडं कशाचं आणि महिना कोणता, याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. आपल्याकडे आखाड्यावरचं, म्हणजे शेतातल्या वस्तीवरचं, खुराडं म्हणजे बहुतेक वेळा चार पत्रे ठोकून केलेली पेटी. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२च्या पुढं जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून दूर धरायचे, एवढाच तिचा इलाज. अशा पेटीत दिवसभर कोंडलेली कोंबडी आठव्या दिवसापर्यंत टिकली तरच सोडायचा प्रश्न.

संध्याकाळी सात वाजता, म्हणजे नेमकं कोंबड्या बसायच्या वेळेला, पत्रा अजून भाजत असतो आणि शेजारच्या कडुलिंबावर वारा असतो. कोंबडी लिंबावर जाते. लोक तिला हट्टी म्हणतात; मला तर ती शहाणी वाटते. दिवस मावळल्यावर खुराड्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. तुम्हाला नकोसं वाटलं तर तिलाही नकोच वाटणार. पत्र्यावर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा जाड थर, दोन बाजूंना पत्र्याऐवजी जाळी आणि दुपारी ओलं पोतं, एवढ्यानं बराच फरक पडतो. कोंडायचंच असेल तर सावलीत, भरपूर पाणी ठेवून कोंडा. आणि सात हा काही मंत्र नाही. कुणी तीन दिवसांत रुळते, कुणाला दोन आठवडे लागतात.

चांगली आत बसणारी कोंबडी अचानक बाहेर बसायला लागली तर तिला पुन्हा कोंडायच्या आधी रात्री दहाच्या सुमाराला बॅटरी घेऊन आत जा. बसायची दांडी भिंतीला जिथं टेकते तो सांधा बघा, दांडी उलटी करून खालची बाजू बघा. चपटे, करड्या-तपकिरी रंगाचे गोचीड दिसतील. दिवसा ते लाकडाच्या चिरेत आणि भिंतीच्या भेगेत दडून बसतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. म्हणून दिवसा कोंबडी चाचपली तर मोठा गोचीड सहसा सापडत नाही आणि मालक म्हणतो, काही नाही हो, स्वच्छ आहे. खुराडं महिनोन् महिने रिकामं ठेवलं तरी ते उपाशी जगतात, त्यामुळे जुनं खुराडं रिकामं होतं म्हणून चांगलं असेल असं धरू नका. कोंबड्या बाहेर काढून सांधे ब्लो लँपनं शेकायचे, भेगा चुन्या-मातीनं बुजवायच्या आणि औषध पशुवैद्यकाला विचारून मारायचं. हे न करता कोंडणं म्हणजे तिला रोज रात्री गोचिडांच्या पंगतीला वाढणं.

दुसरा सल्ला, पहिल्याच रात्री जुन्यांत मिसळा, हा या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा. आठवडी बाजारातली कोंबडी कुठून आली, तिला लस दिली की नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मानमोडी (राणीखेत रोग) एकदा शिरली की जुन्या-नव्या सगळ्याच जातात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं शेकड्यांनी कोंबड्या मेल्या, तेव्हा आसपासच्या गावांनी काय भोगलं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. नव्या कोंबड्या निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या, शक्यतो दूर ठेवा; त्यांचं पाणी आणि भांडीही वेगळी.

त्यानंतरही एकदम मिसळू नका. काही दिवस मध्ये जाळी ठेवा, एकमेकींना बघू द्या. जुन्या कोंबड्या दांडीवरच्या जागा अडवून बसतात आणि नवीन तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, जवळ आली की टोचतात. मग ती दारातच घुटमळते, अंधार पडतो आणि ती बैलगाडीवर जाऊन बसते. तिला शिकवायची गरज नसते, जागा लागते. एका कोंबडीला आठ-दहा इंच दांडी धरा आणि नव्या आल्या की एक दांडी जास्तीची लावा.

रात्रभर बल्बबद्दल फार लिहीत नाही. हे सांगणाऱ्याच्या गावात भारनियमन नसावं, एवढंच पहिल्यांदा मनात येतं. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही आणि बाहेर उजेड असतानाच खुराड्यात काळोख झालेला असतो, म्हणून ती आत पाय टाकत नाही. त्यासाठी तिन्हीसांजेला अर्धा-पाऊण तास छोटा दिवा पुरतो. सगळ्या दांडीवर बसल्या की बंद. रात्रभर उजेडात त्या नीट झोपत नाहीत, एकमेकींना टोचत राहतात. अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो हे कुठंतरी ऐकलेलं असतं. पण त्यात दिवसाचा उजेड धरलेला असतो.

आता पंख. एका बाजूची मोठी पिसं छाटली की उडताना तोल जातो, हे बरोबर, आणि पिसं झडून नवीन आली की पुन्हा जैसे थे. पण आपली गावरान कोंबडी लिंबावर दरवेळी उडूनच जाते असं कुठाय? आधी कडब्याची गंज, मग गाडीचं जू, मग खालची फांदी. पंख छाटलेलीसुद्धा अशी पायरीपायरीनं चढते. नाही चढली तर झाडाखाली जमिनीवर बसते. तिथं कुत्रं, मुंगूस, रानमांजर आलं तर उडून सुटायचा मार्ग आपणच बंद केलेला असतो.

गिरिराजा, वनराजा या सुधारित जातींचं वेगळंच. शेडमध्ये भुश्श्यावर वाढलेल्या या पक्ष्यांना दांडी माहीत नसते. त्या झाडावर नाही, खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून बसतात, आणि लहान असतील तर खालच्या गुदमरतात. वजन जास्त म्हणून दांडी फुट-दीड फुटावर ठेवा, दोन इंच रुंद, कडा घासलेली. गावरानला उंच जागा लागते. तिच्यासाठी दांडी अंडी घालायच्या खोक्यापेक्षा वर हवी, नाहीतर ती खोक्यात झोपते आणि सकाळी अंडी शिटेनं भरलेली मिळतात.

आणि झाडावरच्यांचं काय करायचं? पूर्ण अंधार पडू द्या. मग ती पळत नाही. पाय पकडून उलटी लटकवू नका. दोन्ही हातांनी पंखांसकट उचला, आत दांडीवर ठेवा, तिनं बोटं आवळेपर्यंत धरून राहा, मग सोडा. दिवसभर हिंडू द्या, पण संध्याकाळची मूठभर ज्वारी बाहेर न टाकता आतच, रोज त्याच वेळेला आणि त्याच हाकेनं टाका. उचलायच्या कोंबड्या दर रात्री कमी होत जातात. एखादी तरीही लिंबच धरून बसली तर तिच्यापुरती कडब्याची गंज तिथून हलवा.