सहीसाठी माझ्या दारात येऊ नका

सकाळपासून कॉलनीच्या ग्रुपवर अर्ज फिरतोय. मागच्या वस्तीत गर्दुल्ल्यांना गोळ्या देणारं केंद्र निघणार म्हणे, ते नको, सह्या करा. खाली अंगठ्यांची रांग. एकाने वर लिहिलं, "सरकारच आता नशा वाटणार काय?" त्यावर हसरे चेहरे. हसा बाप्पा, हसा.

ती गोळी कशाची, हे तरी कोणी विचारलं का? ब्युप्रेनॉर्फिन. नर्ससमोर जिभेखाली ठेवून विरघळवायची. गर्द, म्हणजे हेरॉईन, तुटली की टर्की लागते. हाडं ठणकतात, नाक-डोळे वाहतात, उलट्या, जुलाब, रात्रभर पाय झाडणं. गोळीने ती आटोक्यात राहते आणि माणूस कामावर जातो.

महाल भागातला माझा एक वर्गमित्र फरशी बसवायचा. हात असा की दोन टाइल्सच्या सांध्यात नख जायचं नाही. गर्दच्या नादी लागला, पन्नीवरचा धूर ओढता ओढता सुईवर गेला. आईने गव्हाच्या कोठीत लपवलेली पितळेची भांडीही गेली. मग उसनवारी करून घरच्यांनी त्याला एका खाजगी केंद्रात टाकलं. तिथे औषध म्हणजे कुलूप. टर्कीत ओरडला की पट्टा.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जचं व्यसनही येतं, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात साफ बंदी आहे. कोण बघतो? घरच्यांनाच वाटतं, मार खाल्ल्याशिवाय सुधरत नाही.

गोळ्या ब्लॅकमध्ये विकल्या जातात, काही पोट्टे कुटून टोचतात, मान्य. म्हणून तर समोर खायला लावतात. पेपरात रोज येणाऱ्या एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनच्या नशेवर, ही गोळी चालत नाही, तेही मान्य. म्हणून गर्दवाल्याला मरू द्यायचं? एम्सचं 2019 चं सर्वेक्षण सांगतं की देशात अफूच्या जातीची नशा करणारे सव्वादोन कोटींच्या वर आहेत, आणि त्यात आता अफूपेक्षा हेरॉईन पुढे आहे. सगळ्यांना कुलपात घालणार का?

1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात नुसतं सेवन केलं तरी वर्षभर कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात कलम 64अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला, तर त्याच्यावर सेवनाचा खटला नाही. कायदा करणाऱ्यांना एवढी समज होती. आमच्या ग्रुपला नाही.

माझा मित्र केंद्रातून गुबगुबीत होऊन आला. आईने पेढे वाटले. आतल्या महिन्यांत अंगाची सवय मोडली होती, पण हाताला माप जुनंच माहीत. थोड्याच दिवसांत तेवढंच टोचलं आणि गेला. सुटून आल्यावरचे पहिले दिवस सगळ्यात धोक्याचे, हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. त्याच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं. 'पूर्ण बरा' असा शिक्का असलेली केंद्राची पावती तिच्याकडे अजून आहे.

बरं, ग्रुपमधल्या सगळ्यांवर मी चिडलेलो नाही. तळमजल्यावरच्या काकूंची पाण्याची मोटर चोरीला गेली, त्यांची भीती खोटी कशी म्हणू? पण काकू, सकाळी ज्याला गोळी मिळते त्याला दुपारच्या पुडीसाठी तुमची मोटर लागत नाही. केंद्र नसेल तर ही पोरं कुठे दुसरीकडे जाणार नाहीत. राहतील इथेच, आपल्या गल्लीत.

रविवारी मीटिंग आहे, मी येतो. केंद्र सकाळी सातला उघडा, असं तिथे म्हणणार आहे. रोजीवर जाणाऱ्या माणसाला दहाची वेळ परवडत नाही.