ॲसिड प्यायल्यावर मीठपाणी? चारही सल्ले घातक

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या हा मजकूर फिरतोय: ‘मुलानं बाथरूमचं ॲसिड किंवा कॉस्टिक (तुंबलेली मोरी मोकळी करायचा सोडा) प्यायलं तर मीठपाणी पाजून उलटी काढा. ॲसिडवर खायचा सोडा, कॉस्टिकवर लिंबूपाणी द्या. वरून भरपूर दूध पाजा. तोंडात फोड नसतील तर दवाखान्यात जाऊ नका.’

उलटी. जाताना अन्ननलिका भाजणारं रसायन उलटीबरोबर त्याच वाटेनं पुन्हा वर येतं आणि थोडं श्वासनलिकेतही उतरू शकतं. शिवाय मीठपाण्यानं रक्तातलं सोडियम वाढून लहान मुलाला झटके येऊ शकतात, ते वेगळंच.

सोडा-लिंबू. शाळेच्या प्रयोगशाळेत ठीक. पोटात सोडा आणि ॲसिड भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि आधीच भाजलेलं जठर फुगतं. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र आले की उष्णता निघते. त्यात कॉस्टिक सोडा पेशींतल्या चरबीचा साबण करत आत शिरतो आणि हे काम काही सेकंदांत सुरू होतं. लिंबू कापेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

दूध. भरल्या पोटानं उलटी होते आणि एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) नीट दिसत नाही. कोळशाची पावडरही नको. ही रसायनं ती शोषत नाही आणि आतलं सगळं काळं करून ठेवते. घोटभर पाणी द्यायचं का, हेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

‘फोड नाहीत’ हा सल्ला सगळ्यात वाईट. तोंड स्वच्छ असूनही अन्ननलिका जळलेली असू शकते. लाळ गळणं, गिळायला नकार, बसलेला आवाज, श्वास घेताना घरघर याकडे बघा. एंडोस्कोपी शक्यतो पहिल्या 24 तासांत करतात, कारण साधारण 5व्या ते 15व्या दिवसात अन्ननलिकेची भिंत इतकी नाजूक होते की दुर्बिणीनंही फाटू शकते. इजेची प्रत ठरवायला चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या डॉ. झरगर यांची वर्गवारी वापरतात. 2ब (खोल किंवा नळीला वेढणाऱ्या जखमा) आणि त्यापुढच्या प्रतीत व्रण आकसून नळी अरुंद होण्याचा धोका मोठा. तो लगेच कळत नाही: तिसऱ्या आठवड्यापासून पुढे आधी पोळी अडकते, मग भात, मग वरणही. मग अन्ननलिका पुन्हापुन्हा रुंद करून घ्यावी लागते.

मग करायचं काय? तोंडातलं थुंकायला लावा, चूळ भरून पाणीही थुंकू द्या. भिजलेले कपडे काढा, त्वचा आणि डोळे वाहत्या पाण्याखाली 15-20 मिनिटं धुवा. मुलाला बसतं ठेवा. 108 ला फोन करा किंवा थेट केईएम, सायन, नायरसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. दिल्लीच्या एम्सची विषबाधा हेल्पलाइन 1800 116 117, चोवीस तास.

बाटलीही सोबत न्या, झाकण घट्ट लावून. दारावर सुटं ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत मिळतं, लेबल नसतं. आत काय होतं, हे डॉक्टरांना त्या बाटलीतूनच शोधावं लागतं.