‘असत्या तर दिसल्या असत्या’ म्हणे!

एक मजकूर सध्या जोरात फॉरवर्ड होतोय. जुन्या युरोपात बायका चित्रात असायच्या, चित्रकार नसायच्या. असत्या तर त्या काळच्या चित्रांत हातात कुंचला घेतलेल्या दिसल्या असत्या. ज्या दोन-चार होत्या, त्यांची मजल फुलं-फळांपलीकडे गेली नाही. आणि दम असता तर नाव टिकलं असतं.

आधी दिसण्याचं बघू. लंडनची रॉयल अकॅडमी, म्हणजे कलावंतांची संस्था, १७६८ साली निघाली. संस्थापक सभासदांत दोघी होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढे १७७१-७२ मध्ये योहान झोफनीने सभासदांचं एकत्र चित्र रंगवलं. दिव्याच्या उजेडात नग्न पुरुष मॉडेलला नीट बसवणं चाललंय, पुढ्यात दुसरा कपडे काढतोय, भोवती मंडळी गप्पा ठोकताहेत. डाव्या कोपऱ्यात खुद्द झोफनी, पॅलेट घेऊन. आणि त्या दोघी? उजव्या भिंतीवर टांगलेल्या! दोन धूसर व्यक्तिचित्रं, बस्स. नागडा पुरुष असलेल्या खोलीत बाईमाणूस दाखवायचं कसं, ही अडचण. सभासद म्हणून चालतात, खोलीत चालत नाहीत. या दोघींनंतर अकॅडमीला पूर्ण सभासद बाई मिळाली ती थेट १९३६ साली, लॉरा नाइट.

फुलं-फळांचं उत्तरही याच खोलीत आहे. मॉडेल समोर ठेवून शिकायला बंदी घालायची आणि वर ‘यांना माणूस काढता येत नाही’ म्हणायचं, हे बरंय! तरी कॉफमनने पौराणिक-ऐतिहासिक प्रसंग रंगवलेच. अकॅडमीच्याच छतासाठी तिने चार चित्रं केली. त्यातल्या एकात रेखाटन करणारी बाई आहे. तिच्यासमोर हात-डोकं नसलेला पुरुषाचा धड-पुतळा. मला तरी तो खवचटपणाच वाटतो.

राहिला दम. हॉलंडमधल्या हार्लेमची चित्रकार युडिथ लेस्टर १६३३ साली तिथल्या चित्रकारांच्या संघाची सभासद होती. तिचं आत्मचित्र वॉशिंग्टनला आहे: खुर्चीत मागे रेललेली, आपल्याकडे वळून बघणारी, हातात कुंचला. घ्या, दिसली! पण तेच चित्र कित्येक वर्षं फ्रान्स हाल्स या नावाजलेल्या चित्रकाराच्या नावावर होतं. हाल्सच्या म्हणून विकल्या गेलेल्या दुसऱ्या एका चित्रावर १८९३ साली तिची खूण ओळखली गेली, ‘जे’, ‘एल’ आणि एक चांदणी. चित्र तेच, रंग तेच. पण हाल्सचं नाही म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि घेणाऱ्या व्यापाऱ्याला काही रक्कम परत मिळाली.