शेवटचं गाणं तरी पूर्ण होऊ द्या!

ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, भाग संपतो. शेवटच्या प्रसंगाने अजून छातीत धडधडतंय, गाणं सुरू होतं आणि लगेच चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं. 'पुढचा भाग ५ सेकंदांत'. अरे, थांबा ना! रिमोट सापडेपर्यंत पुढचा भाग सुरूही झालेला असतो. दर वेळी हेच.

ते गाणं म्हणजे उगाच भरताड नाही. साधारण ९० सेकंदांचं असतं, त्यासाठी खास वेगळी चित्रं काढलेली असतात. कित्येकदा गाण्यानंतर एक छोटासा प्रसंग येतो आणि कथेची खरी कळ तिथेच असते. तो माझा किती वेळा हुकलाय!

आणि गाण्यासोबत सरकणारी ती चित्रं काढणाऱ्यांची नावं! पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम्स) सरकतात. एकच चित्र दोन-तीन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला ८ ते १२ चित्रं लागतात. मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्यांना जपानमध्ये बहुतेकदा चित्रामागे पैसे मिळतात, तेही तुटपुंजे. त्यांचं नाव दिसतं ते याच दीड मिनिटात. तेसुद्धा नखाएवढ्या चौकोनात ढकलायचं?

मला घाई नाहीये हो. गाणं ऐकत दोन मिनिटं रडायचंय फक्त.