आइल्स ऑफ वंडर: चित्र बाजूला ठेवून ऐकलेलं ऑलिम्पिक

ऑलिम्पिकचं उद्घाटन म्हटलं की लोक फटाक्यांबद्दल बोलतात, ज्योत कुणी पेटवली याबद्दल बोलतात, आपला संघ मैदानात आला तेव्हा कॅमेरा किती सेकंद थांबला याबद्दल तर फारच बोलतात. संगीत मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतं. मला हे अन्यायाचं वाटतं. 27 जुलै 2012 ला लंडनमध्ये जे झालं, त्याची सगळ्यात प्रामाणिक नोंद माझ्या मते टीव्हीच्या चित्रीकरणात नाही, सोहळ्याच्या संगीताच्या 'आइल्स ऑफ वंडर' या अल्बममध्ये आहे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, त्यामुळे बऱ्याच जणांनी सोहळा तुकड्यातुकड्यांतच पाहिला. अल्बम त्याच रात्री, सोहळा संपताच इंटरनेटवर विक्रीला आला.

टीव्हीवर भरवसा का नाही, ते सांगते. सोहळ्यात एमिली सांडे हिने 'अबाइड विथ मी' हे जुनं ख्रिस्ती भजन गायलं आणि अक्रम खान आणि त्याच्या साथीदारांनी त्यावर नृत्य केलं. लंडनला ऑलिम्पिक मिळाल्याची घोषणा झाली 6 जुलै 2005 ला, आणि दुसऱ्याच दिवशी शहरात बॉम्बस्फोट होऊन 52 माणसं मेली. या नृत्याकडे त्या मृतांची आठवण म्हणूनच पाहिलं गेलं. अमेरिकेत एनबीसी या वाहिनीने हा भाग कापला आणि त्या वेळात जलतरणपटू मायकेल फेल्प्सची मुलाखत दाखवली. लाखो लोकांपर्यंत तो पोहोचलाच नाही. अल्बममध्ये तो पूर्ण आहे. जवळजवळ साथीशिवाय, एकटा आवाज. हे भजन आपल्यालाही परकं नाही. गांधीजींना ते प्रिय होतं, प्रजासत्ताक दिनानंतर दिल्लीत होणाऱ्या बीटिंग रिट्रीट या लष्करी बँडच्या सोहळ्यात ते वर्षानुवर्षं वाजायचं, 2022 मध्ये ते वगळलं गेलं. मला त्याचं अजूनही वाईट वाटतं. सांडेचा आवाज ऐकला की जास्तच.

पण या अल्बमचा प्राण 'अँड आय विल किस' हा तुकडा आहे. सतरा मिनिटांचा. सोहळ्यात हिरवी कुरणं गुंडाळली जातात, जमिनीतून कारखान्यांची धुरांडी वर येतात, कामगार लोखंड ओततात आणि शेवटी ऑलिम्पिकची वर्तुळं आकाशात जुळतात, तो सगळा औद्योगिक क्रांतीचा भाग याच संगीतावर चालतो. मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या स्त्रिया, बेकारीच्या काळात उत्तर इंग्लंडमधल्या जॅरोहून लंडनपर्यंत चालत गेलेले मजूर, 1948 मध्ये विंडरश जहाजातून आलेले कॅरिबियन लोक, सगळे याच ठेक्यावर चालत येतात. मध्येच महायुद्धांत मेलेल्यांसाठी सगळं थांबतं. पडद्यावर इतकं काही चाललेलं असतं की कान मागे पडतात. नुसतं ऐकलं की कळतं, हे किती सावकाश चढवत नेलंय. आधी ढोल, मग सिंथेसायझर, मग माणसांचे आवाज, थरावर थर. घाई कुठेही नाही. संगीतकाराला स्वतःवर विश्वास असल्याशिवाय सतरा मिनिटं कुणी असा धीर धरत नाही.

आणि हे वाजवलं कुणी? जवळजवळ हजार वादकांनी. यातले बरेचसे व्यावसायिक वादक नव्हतेच, स्वयंसेवक होते. डॅगनममध्ये फोर्डच्या जुन्या आवारात, पावसात, महिनोन्महिने सराव करणारे. हातात बादल्या आणि कचऱ्याचे डबे. आपल्याकडे गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव ज्यांनी पाहिलाय, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी कमरेला ढोल बांधणारी मुलं-मुली ज्यांनी पाहिलीत, त्यांना या आवाजातली ऊब लगेच ओळखू येईल. पैसे घेऊन वाजवणाऱ्यांची सफाई वेगळी असते आणि हा आवाज वेगळा असतो.

या हजारांच्या पुढे होत्या एव्हलिन ग्लेनी. स्कॉटलंडच्या. लहानपणी त्यांची श्रवणशक्ती जात गेली आणि बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ काहीच ऐकू येईनासं झालं. त्या बहुतेकदा अनवाणी वाजवतात, कंप पायांतून आणि अंगातून टिपतात. त्या सोहळ्यातलं सगळ्यात मोठं तालवादन एका बहिऱ्या बाईच्या हाती होतं, आणि राष्ट्रगीत गायलं ते बहिऱ्या आणि ऐकू येणाऱ्या मुलांच्या एकत्र गायनपथकाने, खुणांच्या भाषेसकट. दयेचा सूर कुठेही नव्हता. ती माणसं तिथे होती कारण ती उत्तम होती. यासाठी मी सोहळ्याचे दिग्दर्शक डॅनी बॉयल यांना मनापासून मानते.

ज्योत पेटतानाचं 'कॅलिबन्स ड्रीम' हे गाणं हळुवार आहे. ॲलेक्स ट्रिम्बलचा कोवळा आवाज, मागे गायकवृंद. ज्योत कुणा जगप्रसिद्ध खेळाडूने पेटवली नाही, सात अनोळखी तरुण खेळाडूंनी पेटवली, आणि तांब्याच्या 204 पाकळ्या उठून एक झाल्या. त्या प्रसंगाला तुतारी-नगारे लावले असते तर तो वाया गेला असता.

खेळाडूंच्या संचलनाचं संगीत मला तितकं भावत नाही. मिनिटाला 120 ठोके, संघांनी झपझप चालावं म्हणून. त्याचं काम तेवढंच होतं आणि ते त्याने केलं.

हे सगळं एकसंध का वाटतं? कारण सुरुवातीपासून संगीताची जबाबदारी एकाच जोडीवर होती. 'अंडरवर्ल्ड' या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गटाचे रिक स्मिथ आणि कार्ल हाइड. बॉयल यांच्याशी त्यांचं जुनं नातं, 2011 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमधल्या बॉयल यांच्या नाटकालाही या जोडीचंच संगीत होतं. आधी सोहळा ठरला आणि मग त्याला गाणी चिकटवली, असं झालं नाही. आपल्याकडे नेमकं तेच होतं. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महिनोन्महिने चर्चा झाली ती फक्त शीर्षकगीताची. उद्घाटनात देशभरातल्या तालवाद्यांचा जो भाग होता, तो माझ्या मते त्या रात्रीचा सर्वोत्तम होता, आणि आज त्याची आठवण कुणी काढत नाही.

2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे. माझी मागणी साधी आहे. गाण्यासाठी नाव शोधण्याआधी सबंध सोहळ्याचा एक संगीतकार नेमा, आत्ताच, पुरेसा वेळ देऊन. गावोगावच्या हौशी वादकांना घ्या आणि त्यांचा सराव नीट होऊ द्या. आणि उद्घाटनाच्या रात्रीच सगळं संगीत, वाजवणाऱ्या प्रत्येक पथकाच्या नावासकट, लोकांच्या हाती द्या.

तोवर 'अँड आय विल किस' हेडफोन लावून सलग ऐका, मध्ये पुढे न ढकलता. ऐकून झालं की कमेंटमध्ये लिहा. आणि पथकात वाजवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही टॅग करा, त्यांचं मत मला खरंच हवंय.