तांदूळ, टूथपेस्ट, स्क्रूड्रायव्हर: कॅमेरा दुरुस्तीच्या त्या मेसेजला उत्तर

गड्ड्याची जत्रा आटोपली की सोलापुरात कॅमेऱ्यांच्या तक्रारी वाढतात. होम मैदानावरची धूळ, नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली रेटारेटी, आणि त्यातून सावरेपर्यंत लग्नसराई तोंडावर आलेली. नेमक्या याच दिवसांत आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कॅमेरा बिघडला? दुकानदाराला एक रुपयाही देऊ नका.’ ज्यांनी नुकताच हप्त्यावर पहिला कॅमेरा घेतलाय अशी पोरं तो मनापासून पुढे पाठवतायत, म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. स्क्रीनवर एरर आली म्हणजे बोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, गेला. कार्ड एरर आली तर लगेच फॉरमॅट मारा. पाणी गेलं तर रात्रभर तांदळात पुरून ठेवा. लेन्स बाहेर येऊन अडकली तर टेबलावर हलकेच आपटा. बुरशी धरली तर टूथपेस्टने घासा, नाहीतर दिवसभर कडक उन्हात ठेवा. फोटोत ठिपके येत असतील तर लेन्स काढून आत जोरात फुंकर मारा. यातल्या कशानेच जमलं नाही तर तळाचे चार स्क्रू काढून आतल्या पट्ट्या दाबून बसवा, कारण दुकानदारही तेवढंच करतो आणि त्याचे हजारो रुपये घेतो.

पैसे देण्याआधी घरी तपासून बघावं, हे मला पूर्ण मान्य आहे. दुकानात जाणाऱ्या कितीतरी कॅमेऱ्यांना दुरुस्तीची गरजच नसते. पण घरी करायची तपासणी अशी हवी की ती फसली तरी कॅमेरा आधी होता तसाच राहील. बॅटरी काढून परत घातली, काही बिघडलं नाही. लेन्सच्या काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, एकदा घासलं गेलं की ते परत येत नाही. या कसोटीवर मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक सल्ला नापास होतो.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण त्यात अंगाला इजा होण्याचा धोका आहे. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश बसवलेला आहे त्याच्या आत एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, असतो. कॅमेऱ्याची बॅटरी ३.७ किंवा ७.२ व्होल्टची असली तरी फ्लॅश पेटवण्यासाठी हा कपॅसिटर साधारण ३०० व्होल्टपर्यंत चार्ज होतो. कॅमेरा बंद केला, बॅटरी काढून बाजूला ठेवली, तरी तो चार्ज बराच वेळ आत राहतो. कव्हर उघडल्यावर तिथे बोट लागलं तर जबर झटका बसतो, आणि स्क्रूड्रायव्हर टेकला तर ठिणगी उडून चांगला बोर्डही जळू शकतो. जाणता कारागीर कव्हर काढल्यावर आधी हा कपॅसिटर डिस्चार्ज करतो, मगच पुढे हात घालतो. मेसेजमध्ये याबद्दल एक शब्द नाही. शिवाय जपानी कॅमेऱ्यांचे बारीक स्क्रू बहुतेक वेळा जेआयएस या जपानी मापाचे असतात, साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात. ज्या पट्ट्या दाबा म्हणून सांगितलंय त्या कागदाइतक्या पातळ फ्लेक्स केबल असतात आणि त्यांच्या सॉकेटला नखाएवढी कुलपं असतात. दाबली की मोडली. असा उघडलेला कॅमेरा वॉरंटीत बसत नाही आणि बाहेरचे कारागीरही तो हातात घ्यायला कां कूं करतात.

आता ‘एरर म्हणजे बोर्ड गेला’ हा दावा. विजापूर रोडवरच्या एका कार्यालयात हळदीच्या गडबडीत सोबतच्या पोराच्या कॅननवर एरर ०१ आली. पोरगा पांढराफटक पडला. पण कॅननच्या भाषेत एरर ०१ म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांचं आपसात बोलणं तुटलंय, एवढंच. लेन्स काढून मागच्या कड्यावर बघितलं. तिथे सोनेरी टिकल्यांची एक ओळ असते. त्यातल्या दोन टिकल्यांवर पिवळट थर बसला होता: हळद आणि बोटाचं तेल. कोरड्या स्वच्छ सुती फडक्याने टिकल्या पुसल्या, लेन्स ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवून बसवली, आणि उरलेला कार्यक्रम त्याच कॅमेऱ्यावर पार पडला. खोडरबर वापरायचा असेल तर तो लेन्सच्या किंवा बॅटरीच्या टिकल्यांवर, आणि तोही कॅमेऱ्यापासून दूर. बॉडीवरच्या पिनांना खोडरबर लावायचा नाही, त्याचा भुगा थेट लेन्सच्या मागे आत असलेल्या आरशाच्या खोलीत पडतो.

बाकीच्या एररही अशाच बोलक्या आहेत. कॅननवर एरर ०२ म्हणजे कार्डाशी संपर्क होत नाही. निकॉनवर सीएचए आलं तरी बोट कार्डाकडेच आहे. निकॉनवर एफईई दिसलं तर बिघाड कुठेच नाही: जुन्या डी प्रकारच्या लेन्सवर ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राची, रिंग असते, ती सर्वांत मोठ्या आकड्यावर, बहुधा २२ वर, नेऊन कुलूप लावायचं. सेकंडहँड ५० एमएम लेन्स घेणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. कोणतीही एरर आली तर क्रम हा ठेवा: कॅमेरा बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, थोडा वेळ थांबा, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी घाला, मग दुसरं कार्ड, मग दुसरी लेन्स. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळंच एकदम बदललं तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. मित्राची लेन्स लावली आणि एरर गेली, तर दुरुस्ती लेन्सची आहे, बॉडीची नाही. एवढं कळलं तरी दुकानात निम्मा खर्च वाचू शकतो.

कार्डाच्या बाबतीत तर मेसेजचा सल्ला थेट उलटा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पहाटेपासून दबा धरून कुणाला लांडग्याचे फोटो मिळाले, आणि घरी आल्यावर कॅमेरा म्हणतोय कार्ड वाचता येत नाही. त्या क्षणी फॉरमॅटला होकार देऊ नका आणि त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटने बहुधा फोटोंची यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात, पण पुढचा प्रत्येक क्लिक त्यांच्यावर लिहिला जाऊ शकतो. काही कॅमेऱ्यांचा फॉरमॅट तर आतले फोटोही पुसून टाकतो. कार्ड काढा, कडेची कुलपाची पट्टी खाली सरकवा, कार्ड रीडरमधून संगणकावर उघडून बघा. नाही उघडलं तर दुसरा रीडर. तरीही नाही, तर फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते मूळ कार्डाला हात न लावता फोटो दुसरीकडे उचलून ठेवतं. फोटो हातात आल्यावर मग फॉरमॅट, आणि तो कॅमेऱ्यातच. ‘कार्ड लॉक आहे’ असं येत असेल तर ती पट्टी ढिली झालेली असते, स्लॉटमध्ये घालताना आपोआप सरकते. आणि जुन्या कॅमेऱ्यात नवं ६४ जीबीचं कार्ड चालत नसेल तर कॅमेरा बिघडलेला नाही: ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यापुढची एसडीएक्ससी, आणि जुनी मॉडेलं पुढची जात ओळखत नाहीत.

तांदळाचं सांगतो. आषाढीला पंढरपुरात पावसात भिजलेला कॅमेरा तांदळात पुरला तर आतलं पाणी तांदूळ ओढून घेत नाही, उलट तांदळाची पिठी आणि कण बटणांच्या, लेन्सच्या फटींत जातात. फोन बनवणाऱ्या ॲपलनेही २०२४ मध्ये ग्राहकांना, भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, असं लेखी सांगितलं. भिजलेल्या कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाण्यापेक्षाही चालू असलेली वीज आहे. ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबायचा मोह आवरायचा. ताबडतोब बॅटरी काढा, कार्ड काढा, बाहेरून टिपून घ्या, झाकणं उघडी ठेवून सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. बाहेरचा ओलावा गेला की भरपूर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस. हेअर ड्रायर नको. कॅमेऱ्यावर सरबत, चहा किंवा समुद्राचं पाणी सांडलं असेल तर मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नका, त्याच दिवशी दुकान गाठा. साखर आणि मीठ आत वाळले की गंज सुरू होतो.

अडकलेली लेन्स आपटण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स प्लॅस्टिकच्या बारीक दात्यांवर सरकते, तिथे वाळूचा एखादा कण जरी आला तरी ती थांबते. आपटल्याने कण निघेल की दाता तुटेल, हे कुणालाच सांगता येत नाही. पूर्ण चार्ज बॅटरी घाला, लेन्स जमिनीकडे धरून नळकांड्याभोवतीच्या फटीत रबरी ब्लोअरने हवा मारा, मग चालू करा. नाही हलली तर थांबा.

टूथपेस्टने मात्र मला खरोखर राग येतो. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. लेन्सवरचं कोटिंग साधारण एका मायक्रोनच्याही आतलं असतं. त्यात बुरशी बहुतेक वेळा आतल्या काचांवर असते. म्हणजे बुरशी जागच्या जागी आणि बाहेरच्या चांगल्या काचेचा सत्यानाश. खात्री करायची तर लेन्स हातात घेऊन एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, आणि ते काम पैसे देऊनच करून घ्यायचं आहे.

राहिलं ऊन. हा सल्ला सोलापुरात पाळणं म्हणजे अघोरीपणा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सियस दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा सावलीतच ४३ च्या पुढे जातो. उन्हाने बुरशीची वाढ कदाचित थांबेल, पण काचेवर पडलेले डाग निघत नाहीत. उलट फोकसच्या रिंगमधलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं, पाती चिकटतात, आणि नंतर फोटो पांढरेफटक यायला लागतात. बॉडीला लावलेली लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली तर आत एकवटलेल्या उन्हाने शटरचा पडदाही जळू शकतो. उन्हाळ्यात व्हिडिओ आपोआप बंद पडणं, थर्मामीटरची खूण दिसणं, हा तर बिघाडच नाही. कॅमेरा स्वतःला वाचवतोय. सावलीत ठेवा, बॅटरी काढा, थंड होऊ द्या. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

फुंकरीने थुंकीचे तुषार सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या पट्टीवर, बसतात आणि साधी धूळ डाग होऊन चिकटते. ठिपके नक्की कुठले हे आधी ओळखा: ॲपर्चर एफ २२ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, मग एफ ४ वर. पहिल्यात ठळक, दुसऱ्यात जवळजवळ नाहीसे, आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी, तर धूळ सेन्सरवर आहे. मेन्यूतलं सेन्सर क्लीनिंग चालवा. मग आरसा वर उचलायची सोय वापरून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने, टोक आत न घालता, हवा मारा. खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याने माखलेली लेन्सही आधी अशी हवा मारूनच साफ करायची, फडकं नंतर.

मेसेजमध्ये जे असायला हवं होतं तेच नेमकं नाही. फोकस होत नाही? लेन्सवरचं बटण एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करायच्या जागी, सरकलेलं असतं. व्ह्यूफाइंडरमधून धूसर दिसतं पण फोटो स्वच्छ येतात? शेजारची डायॉप्टरची, म्हणजे डोळ्याच्या नंबरानुसार फिरवायची, चकती फिरलीय. सगळे फोटो काळपट? एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-काळा करायची सेटिंग, उणेवर अडकलंय. तारीख सारखी मागे जाते? आतली छोटी बॅटरी उतरलीय: काही मॉडेलांत ती मुख्य बॅटरीवरून चार्ज होते, काहींत नाण्यासारखा सेल बदलावा लागतो. यातलं काहीच नसेल तर मेन्यूतून सगळी सेटिंग रीसेट करा.

आणि दुकानदार. शटर बदलणं, आरशाची मोटर, तुटलेली फ्लेक्स, आतल्या काचेची बुरशी ही कामं वर्षानुवर्षं हात बसल्याशिवाय होत नाहीत. त्या हाताला पैसे मिळालेच पाहिजेत. लुबाडणूक टाळायची असेल तर तयारीने जा. बिघाड कधी सुरू झाला, कोणती एरर येते, दुसरी बॅटरी, कार्ड, लेन्स लावून काय झालं, हे चिठ्ठीवर लिहून न्या. काम सुरू करण्याआधी अंदाजे खर्च लेखी मागा आणि त्याच मॉडेलचा सेकंडहँड भाव माहीत असू द्या. बदललेला भाग परत मागा. कार्ड, पट्टा आणि जादा बॅटऱ्या घरी ठेवा, आणि बॉडीच्या तळाचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या.