पेढा की बर्फी, ते वहिनीला कुणी विचारलं?

गेला आठवडाभर एक फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर, मग सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे घराला एक मुलगा हवा वाटण्यात गैर काय, शिकलेल्या घरात जबरदस्ती कोण करतं, हल्लीच्या सुनांनाच सगळा जाच वाटतो. खाली नुसते हात जोडलेले. मला नाही गप्प बसवत. वहिनीला विचारूनच लिहितेय.

"जबरदस्ती कुणी करत नाही."
परळला आमच्या घरी वहिनीचं डोहाळेजेवण होतं, पहिली मुलगी आहे, ही दुसरी वेळ. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. वहिनीनं झाकण उचललं तर बर्फी. इतका वेळ गाणी म्हणणाऱ्या बायका एकदम गप्प, आणि माझी आई म्हणाली, "अगं परत उचल, हे नाही धरायचं." वहिनीनं हसून दुसरी वाटी उचलली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. नंतर मोरीत भांडी विसळताना मला म्हणते, "ताई, आता काहीही होऊ दे, तिसऱ्यांदा नाही हो होणार माझ्याच्यानं." कुणी ओरडलं नाही, हात उगारला नाही, तरी ती बाई तिसऱ्याच्या धास्तीनं अर्धी झालीय, मग ही जबरदस्ती नाही तर काय आहे?

"सुनेनं वंशाला दिवा दिला नाही."
मुलगा की मुलगी ते पुरुषाच्या बीजावरून ठरतं, एक्स की वाय. शाळेत शिकलोय आपण सगळे.

"हे खेड्यातलं, मुंबईत नाही."
२०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ होत्या. २०११ लाच मुंबई उपनगरात ९१३. टॉवर, लिफ्ट, इंग्लिश मीडियम सगळं धरून ९१३! आणि याच मुंबईतल्या बायका आणि डॉक्टर ऐंशीच्या दशकात गर्भाचं लिंग तपासण्याविरुद्ध उभे राहिले म्हणून तर १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं यावर कायदा केला.

"दोन मुली असतील तर चेक करता येतं."
साफ खोटं, अशी सूट कुठेच नाही. १९९४ चा केंद्राचा कायदा आहे, २००३ च्या दुरुस्तीनं गर्भधारणेआधीची निवडही त्यात आली, म्हणजे आयव्हीएफवाल्यांनाही तेच. डॉक्टरनं शब्दानं तर सोडाच, खुणेनंही सांगायचं नाही. तपासायला लावणाऱ्या नवऱ्याला, सासरच्यांना तीन वर्षांपर्यंत जेल होऊ शकते. आणि त्या बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असं कायदा आधी गृहीतच धरतो, उलट सिद्ध होईपर्यंत. तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर कायद्यातच लिहिलंय.

"मूल ठेवायचं की नाही ते नवरा आणि घरचे ठरवणार."
इथे लोक दोन गोष्टींची खिचडी करतात. लिंग तपासणं गुन्हा आहे, पण १९७१ च्या कायद्यात बसणारा गर्भपात गुन्हा नाही, आणि त्याला सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२२ मध्ये हे परत स्पष्ट केलंय. तरी दवाखान्यात "मिस्टरांना घेऊन या" म्हणतात आणि बाई तशीच परत जाते, दिवस भरत जातात. मुलगी आहे म्हणून पाडायला लावणं आणि मुलगा हवा म्हणून परत दिवस राहायला लावणं, दोन्हीकडे शरीर तिचं आणि ठरवणारे दुसरेच.

"म्हातारपणी मुलगाच बघतो."
आईबापाला सांभाळायची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे हे सुप्रीम कोर्टानं १९८७ मध्येच सांगितलंय, आणि २००७ च्या कायद्यात मुलगा-मुलगी दोघंही आहेत. आमच्या आईच्या बीपीच्या गोळ्या दर महिन्याला कोण आणतं ते ग्रुपवर सगळ्यांना माहितीये.

डिलिव्हरीनंतर तांबी बसवायचं वहिनीनं ठरवलंय, दादाला सांगून झालंय. आईला मी सांगणार आहे, फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर तिनंच टाकला होता.